दहा मिनिटांची वाट

वच्छलाबाई जाऊन सव्वातीन महिने झाले, तरी तिची शेवटची गोधडी कपाटावर तशीच होती. मधले टाके भरलेले, कडा बंद, फक्त एक कोपरा उघडा. त्या कोपऱ्यात सुई टोचलेली आणि सुईत लाल दोरा, हातभर लांब. कडुबानं ती सुई काढली नव्हती. सून तनुजा एकदा गोधडी पेटीत ठेवायला निघाली, तर तो म्हणाला, "राहू दे. सुई टोचंल कुणाला." टोचायची भीती असती तर त्यानं सुईच काढून ठेवली असती, हे तनुजाला कळलं. तिनं गोधडी परत कपाटावर ठेवली.

गोधडी निशाची होती. निशा मागच्या कॉलनीत राहायची, बँकेत नोकरीला होती. तिची आई आदल्या वर्षी गेलेली. आईच्या चार साड्या तिनं वच्छलाबाईच्या हाती दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालू तेव्हा ते माझ्या आईच्या साडीवर निजलं पाहिजे.

बुधवारी निशाचा फोन आला. मुलगी झाली होती. आई नसल्यामुळं बाळंतपण सासरीच झालं होतं. "शुक्रवारी बारा वाजता पाळणा आहे. मावशींना द्या ना."

"ती नाय आता," कडुबा म्हणाला.

"बाहेर गेल्यात का?"

हे वाक्य तीन महिन्यांत त्यानं कितीतरी जणांना सांगितलं होतं, तरी दर वेळी ते नव्यानं जुळवावं लागायचं. त्यानं सांगितलं. मग निशा म्हणाली, "काका, राहू द्या मग. साड्या तेवढ्या कधीतरी..."

"गोधडी तयार हाय," कडुबा म्हणाला. "मी सोता आणून देतो."

"मी ह्यांना पाठवते ना घ्यायला."

"कशाला? मागंच तर हाय."

मागंच आहे, हे वच्छलाबाईचं म्हणणं होतं. तिनं तिथलं जाणं हजारदा सांगितलं असेल. "हौदापासनं डोंगराकडं तोंड करायचं. लिंबापाशी उजवीकडं. मग भगदाडातनं गेलं की समोरचं दार. दहा मिन्टं." कडुबा हे ऐकायचा आणि चहा प्यायचा. भगदाड कशातलं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तनुजानं गोधडी खाली काढली. "मामा, ह्यो कोपरा?"

कोपरा उघडा ठेवण्यात चूक नव्हती. वच्छलाबाईची रीत होती ती. गोधडी उपाशी द्यायची नाही, असं ती म्हणायची. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा चिमूटभर घास ठेवायचा आणि मग टाके घालून तोंड बंद करायचं. नाहीतर त्या गोधडीत निजणारं लेकरू रात्रभर भुकेलं राहतं. कडुबा तिला हसायचा. "मुंग्या लागतील गं तुझ्या गोधडीला." ती म्हणायची, "लागू द्या. त्यांनाबी पोट हाय."

"मी शिवू का?" तनुजानं विचारलं.

"वाटंत बघू," तो म्हणाला. वाटेत काय बघणार होता, ते त्यालाच माहीत नव्हतं.

तनुजानं निशाचं लोकेशन मागवून त्याच्या फोनवर लावून दिलं आणि ती चक्रावली. "मामा, साडेपाच किलोमीटर दाखवतंय. पहिलं बायपासला जा म्हणतंय."

"येडं हाय ते."

"रिक्षा करा. हे तर गाडी घेऊन गेलेत."

"तुझी सासू डोक्यावर गठुडं घेऊन जात होती. दहा मिन्टात. मला रिक्षा पाह्यजे व्हय?" तो तावातावानं म्हणाला. "आन् ह्या सगळ्या जमिनीवर फक्की कुणी मारली?"

फक्की त्यानंच मारली होती. बीड बायपासच्या पलीकडं, सातारा डोंगराच्या पायथ्याला, जिथं आता गच्चीला गच्ची लागली आहे, तिथं कडुबाच्या तरुणपणी ज्वारी आणि तूर होती. मग शेतं विकली गेली आणि प्लॉट पडायला लागले. मोजणीवाल्यांबरोबर फीत धरायला, पहारीनं भोकं पाडून खुंट्या ठोकायला आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत चुन्याची फक्की मारायला कडुबा असायचा. पंचवीस वर्षं त्यानं तेच केलं. त्याची रेघ इतकी सरळ असायची, की मोजणीवाले म्हणायचे, कडुबाला दोरी लागत नाही.

निघताना दारामागच्या पहारीला त्याचा पाय लागला. तिचं टोक वाकलेलं होतं. चार वर्षांपूर्वी त्यावरून त्यानं कृष्णाला, पोराला, घर डोक्यावर घेऊन शिव्या दिल्या होत्या. कृष्णा शपथ घेऊन सांगत होता की मी हात लावला नाही. आठ दिवस बापलेक बोलले नाहीत. पहार तेव्हापासून तशीच.

पावणेदहा वाजले होते. गोधडी एका चादरीत बांधून त्यानं खांद्यावर टाकली.

हौद जागेवर होता. डोंगरही जागेवर होता. कडुबानं डोंगराकडं तोंड केलं आणि चालू लागला. लिंब मात्र दिसेना. त्यानं एका झेरॉक्सच्या दुकानात विचारलं. दुकानातली पोरगी म्हणाली, "लिंबाचं झाड? इथं?" आणि मग दुकानाच्या मागून तिचे वडील बोलले, "अहो, आपण लिंबाच्या जागेवरच तर बसलोय."

म्हणजे इथून उजवीकडं. उजवीकडं तीन रस्ते होते.

पहिला रस्ता चांगला रुंद, सिमेंटचा. चाळीस पावलं गेल्यावर तो एका बंगल्याच्या फाटकाशी संपला. आतून कुत्रं भुंकलं. कडुबा मागं फिरला. दुसऱ्या रस्त्याला साईकृपा नगरची पाटी होती. तो वळत वळत गेला आणि पुन्हा झेरॉक्सच्या दुकानासमोर निघाला. पोरगी त्याच्याकडं बघून हसली. तिसऱ्या रस्त्यावर पुन्हा साईकृपा नगर, पण फेज दोन. तिथं चौदा नंबरचं घर होतं. निशाच्या घराचा नंबरही चौदाच. त्यानं बेल वाजवली. एका म्हाताऱ्यानं दार उघडलं.

"पाळणा हाय ना?"

"कुणाचा?"

"पोरीचा. निशाबाईंच्या."

"आमच्याकडं पाळणा हलून तीस वर्षं झाली," म्हातारा म्हणाला. "ते चौदा नंबर दुसरं. ह्या भागात चौदा नंबर पाच आहेत. माझी पत्रंसुद्धा दुसरीकडं जातात."

कडुबानं फोन काढला. निळा ठिपका म्हणजे आपण, लाल खूण म्हणजे निशा, एवढं तनुजानं शिकवलं होतं. दोन्हींच्या मध्ये अंगठ्याएवढीसुद्धा जागा नव्हती. तो खुश होऊन लाल खुणेकडं चालू लागला, तशी फोनमधली बाई म्हणाली, "मागे वळा." तो मागं वळला, तर लाल खूण लांब जायला लागली.

साडेदहा झाले. ऊन वर आलं होतं. रस्ते सगळे सारखे दिसत होते. वीस फुटी, तीस फुटी, हे तो नुसत्या पावलांनी सांगू शकत होता, पण हा कुठला आणि तो कुठला, हे सांगू शकत नव्हता. वच्छलाबाई बरोबर असती तर तिनं एवढ्यात टोमणा मारला असता. मोटारसायकलवर ती नेहमी मागं बसायची आणि त्याच्या खांद्यावर बोट मारून वळायला सांगायची. डाव्या खांद्यावर एकदा म्हणजे डावीकडं, उजव्यावर एकदा म्हणजे उजवीकडं. गाडी तो चालवायचा, रस्ता तिचा असायचा. हे त्याला आजवर जाणवलंच नव्हतं. आता डाव्या खांद्यावर गोधडीचं ओझं होतं आणि तो नकळत दर वेळी डावीकडंच वळत होता.

एका मोठ्या फाटकाशी वॉचमननं त्याला अडवलं. "किधर जाना है चाचा?"

"पीछे."

"पीछे कुछ नहीं है. दीवार है."

"दीवार के पीछे?"

"अब उसका हमको क्या मालूम?" वॉचमन म्हणाला. "हमारा तो दीवार तक है."

तेवढ्यात तनुजाचा फोन आला. "मामा, पोचले का? निशाताईंचा फोन आलता."

"हाय इथंच."

"इथंच म्हंजे कुठं?"

"मलाच कळंना पोरी," कडुबा म्हणाला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला.

तिथं बसून त्यानं चादरीची गाठ सोडली. वरच्या बाजूला मोरपंखी साडी, तिच्यावर वच्छलाबाईचे पांढरे टाके. उघडा कोपरा त्यानं चाचपला. सुई होती. घरी परत जावं, कपाटावर ठेवून द्यावी, असं त्याला फार वाटलं. रस्ता सापडला नाही म्हटलं तर कोण काय बोलणार? गोधडी घरात राहील. सुई राहील. पण मग निशाच्या आईच्या साड्या त्यानं दाबून ठेवल्यासारखं होईल. तिलाही आईचं तेवढंच राहिलं होतं. आणि बारा वाजता ते लेकरू दुकानातून आणलेल्या कशावर तरी निजवतील.

"ही वच्छलाची गोधडी!" कुणीतरी म्हणालं.

समोर एक बाई उभी होती. हातात पिशवी, पिशवीत डबा. पन्नाशीची, चपला झिजलेल्या. "हे टाके मी कुठंबी वळखीन. तुम्ही आमचे दाजी ना? मी सारजा. सारजाबाई. आम्ही दोघी मिळून जायचो, ती गोधड्या द्यायला, मी धुण्याभांड्याला." तिनं पिशवी खाली ठेवली. "दहाव्याला आले होते मी. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसला होता."

कडुबानं तिला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो दाजी, भगदाड बुजवलं. तीन आठवडे झाले. पलीकडच्या कॉलनीवाल्यांनी. म्हणे चोर येतात. मीच चोर. आता मला रोज बायपासनं फिरून जावं लागतंय. दीड तास जातोय नुसता."

"मंग रिक्षानं?"

"आता? पुलापाशी गाड्या हालत नाहीत. पाऊण तास धरा." तिनं फोनमध्ये पाहिलं. "आन् अकरा वीस झाले. चला, जागा तर दाखवते."

ती त्याला दोन घरांच्या मधल्या बोळातून घेऊन गेली. बोळाच्या टोकाला थोडी मोकळी जागा होती, गाजरगवत माजलेलं. त्यातून एक पायवाट, चालून चालून गुळगुळीत झालेली, सरळ जात होती आणि भिंतीत घुसत होती. भिंत जुनी, काळपट, आठ फुटी, वर काचांचे तुकडे लावलेले. ती वाट जिथं भिंतीला टेकत होती तिथं मात्र माणसाच्या उंचीचा नवा करकरीत सिमेंटच्या ठोकळ्यांचा चौकोन होता. उरलेले ठोकळे तिथंच पडले होते.

पलीकडून लाउडस्पीकरवर सनई ऐकू येत होती. बायका हसत होत्या. कुणीतरी म्हणत होतं, "अगं, घुगऱ्यांत मीठ टाकलं का?" इतकं जवळ.

कडुबा तिथं उभा राहिला आणि त्याला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. उजवीकडं पडक्या विहिरीचा कठडा होता. डावीकडं, गवतात, एक हद्दीचा दगड होता, त्यावर तेलरंगाचा आकडा पुसट झालेला. तो त्यानंच लिहिला होता.

त्याला सगळं आठवलं. प्लॉट पाडणारे शेठ पांढरा सदरा घालून विहिरीच्या कठड्यावर बसलेले. रस्त्याची फक्की मारत मारत कडुबा हद्दीच्या दगडापर्यंत आला होता. शेठ ओरडले होते, "अरे थांब! दगडापर्यंत न्यायचा नाही. तीन फूट अलीकडं तोड. तीन फुटाची पट्टी आपल्या नावावर राहू दे. उद्या शेजाऱ्यानं प्लॉट पाडले तर त्याचा रस्ता आपल्याला भिडता कामा नये. फुकट रस्ता कशाला द्यायचा त्याला?" कडुबानं पायानं तीन फूट फक्की पुसली होती आणि आडवी रेघ मारली होती. सरळ, दोरी न लावता. पुढं शेजाऱ्यानंही त्याच्या बाजूनं तीन फुटाची पट्टी सोडली. तिथलीही फक्की कडुबाचीच; भिंत नंतर तिच्यावरच आली. सगळेच तसं करायचे. एका लेआउटचा रस्ता दुसऱ्याला लागत नसे. त्यात वाईट काही आहे असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. आताही वाटत होतं की नाही, ते त्याला कळेना. त्याला फक्त सकाळपासून पाहिलेली सगळी बंद टोकं एकामागून एक आठवायला लागली. त्यातली किती आपली, हे त्याला मोजता येईना.

"ही रेघ माझी हाय," तो म्हणाला.

"काय?"

"ही भिंत हाय ना, ही माझ्या फक्कीवर उभी हाय."

सारजाबाई म्हणाली, "ते तर वच्छला म्हणायचीच."

"काय म्हणायची?"

"ह्येच. आमच्या मालकानं वाट बंद केली, मीच उघडते म्हणून. भगदाड तिनंच पाडलं की! पाठीला गठुडं बांधून पहार घेऊन आली. दोन दिवस लागले आम्हाला. दुसऱ्या दिवशी पहारीचं टोक वाकलं, तर लई घाबरली. म्हणे, मालक बोंबलतील."

कृष्णाला शिव्या दिल्या तो दिवस कडुबाला आठवला. वच्छलाबाई तेव्हा चुलीशी बसली होती. भाकरी थापत होती. तो कृष्णावर ओरडत होता आणि ती भाकरी थापत होती. एकदाही तिनं मान वर केली नव्हती.

"मला का नाय सांगितलं?"

"मला काय ठावं? नवराबायकोचं." सारजाबाईनं डबा उघडला. "दाजी, कोपरा उघडाय अजून. उपाशी देता का?"

तिनं भाकरीचा कोपरा मोडून त्याच्या हातावर ठेवला. कडुबानं तो घास गोधडीत सारला. बोटं कापडाच्या दोन थरांमध्ये गेली तेव्हा आत ऊब असल्यासारखी वाटली, पण ती उन्हाची होती. सारजाबाई सुई घ्यायला पुढं झाली.

"नको. मी घालतो."

"येतं का तुम्हाला?"

"सरळ रेघ तर मारायची."

पण ती सरळ आली नाही. दोरा दोनदा गुंतला. टाके कुठं मोठे, कुठं बारीक, एक तर पार बाहेरच गेला. वच्छलाबाईच्या ओळीपाशी त्याची ओळ आली तेव्हा कुठं तिचं संपलं आणि कुठं त्याचं सुरू झालं, हे आंधळ्यालाही समजलं असतं. गाठ त्याला मारता येईना, ती सारजाबाईनं मारली आणि दोरा दातानं तोडला. सुई त्यानं आपल्या टोपीत टोचून ठेवली.

अकरा चाळीसला सारजाबाईनं कडुबाच्या फोनवरून निशाला फोन लावला. "ताई, मागच्या भिंतीपाशी या कुणीतरी. शिडी घेऊन. नाय नाय, चोर नाय, मी सारजा, वच्छलासंगं यायची ती!"

पलीकडं धावपळ ऐकू आली. मग भिंतीवर एका तरुण माणसाचं डोकं आलं, फेटा बांधलेलं. निशाचा नवरा, इंद्रजीत. "काका, तुम्ही इथं? मी घ्यायला आलो असतो ना!"

"मागंच तर होतं," कडुबा म्हणाला.

त्यानं ठोकळे एकावर एक रचले आणि वर चढला. ठोकळे डुगडुगत होते. सारजाबाईनं मागून त्याचं धोतर घट्ट धरलं. "पडाल तर मलाच घेऊन पडाल." काचांवर त्यानं आधी चादरीची चौपदरी घडी टाकली, वर खांद्यावरचा टॉवेल टाकला, आणि मग गोधडी उचलली. इंद्रजीतनं पलीकडून दोन टोकं धरली. कडुबाच्या हातात दोन होती. क्षणभर कुणीच ओढलं नाही. इंद्रजीतला वाटलं असेल, म्हातारा दम खातोय.

"घेतो काका?"

कडुबाच्या बोटांखाली त्याचे स्वतःचे वाकडे टाके होते. तिचे टाके आधीच भिंतीच्या पलीकडं गेले होते. त्यानं हात सोडले.

पलीकडून निशाचा आवाज आला. "काका, जेवायला या हं. रिक्षा करून या. नक्की या." तो "व्हय व्हय" म्हणाला. थोड्या वेळानं पाळणा सुरू झाला. बायका गात होत्या, दोघीतिघी चुकत होत्या. मुलगी रडली आणि गप्प झाली. नाव काय ठेवलं, ते दोघांनी कान देऊन ऐकलं, पण ऐन वेळी ताटं वाजली आणि नाव ऐकू आलं नाही.

"श्रेया म्हणाल्या का?" सारजाबाईनं विचारलं.

"मला तर काहीच नाय कळलं."

भिंतीवरून कागदाच्या द्रोणात घुगऱ्या आल्या. दोघांनी ठोकळ्यांवर बसून खाल्ल्या. मीठ कुणीच टाकलं नव्हतं.

"जाता ना घरी नीट? का सोडू?" सारजाबाईनं विचारलं.

"जाईन की."

तरी ती हौदापर्यंत आली आणि मग तिच्या कामाला बायपासकडं गेली. दीड तासाच्या वाटेनं.

कडुबा घरी येऊन पडला. साडेतीनला कृष्णा कंपनीतली पहिली पाळी करून आला, बूट काढायला लागला. कडुबानं दारामागची पहार बाहेर अंगणात आणली आणि मांडीवर आडवी धरून बसला. टोक दगडावर ठोकून सरळ करावं की तसंच राहू द्यावं, हे त्याला ठरवता येईना. दोनदा त्यानं दगड उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

"काय करायचंय अण्णा पहारीचं?" कृष्णानं विचारलं.

"काय नाय."

कृष्णा आत जायला वळला.

"किसना," कडुबा म्हणाला. "पहार तू वाकवली नव्हती."

"मी तेव्हाच सांगितलं होतं ना."

"व्हय. सांगितलं होतं."

"मग कुणी?"

कडुबानं टोपीतली सुई चाचपली. ती होती.

"बस," तो म्हणाला. "सांगतो."